थीम पाहताना मजकूर आपलाच घाला

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत गेल्या महिन्यात ब्लॉग सजवण्याबद्दल एक लेख आला होता. लेख छान होता, चित्रं त्याहून छान होती. त्यातले सल्ले थोडक्यात असे: नमुन्याची पानं पाहून जी थीम, म्हणजे ब्लॉगच्या रूपाचा तयार साचा, मनात भरेल ती घ्या, रंग आपल्या स्वभावाला साजेसा निवडा, आणि कंटाळा आला की थीम बदला, एका क्लिकचं तर काम. हे तिन्ही सल्ले मी हा लेख यायच्या वर्षभर आधी, कुणी न सांगता, तंतोतंत पाळले होते. पुढे काय झालं ते कळवते. पत्र लांबलं आहे. काटछाटीचा हक्क आपलाच, फक्त आकड्यांना हात लावू नये. ते मी दोनदा ताडून पाहिले आहेत.

माझी ओळख एवढीच की २८ वर्षं मी मुद्रितशोधक होते. दुसऱ्यांचा मजकूर, दुसऱ्यांच्या चुका आणि माझी लाल शाई. निवृत्त झाल्यावर त्या चुकांच्याच गोष्टी लिहाव्यात असं वाटू लागलं, तेव्हा भाच्यानं ब्लॉग काढून दिला. थीम निवडायची वेळ आली तेव्हा त्यानं लॅपटॉप माझ्याकडे वळवला. ‘‘मावशी, तू फक्त बोट ठेव, बाकी मी बघतो.’’ मी ज्या थीमवर बोट ठेवलं तिच्या नमुन्यात पानभर धुक्यातल्या डोंगराचा फोटो होता, त्यावर दोन इंग्रजी शब्दांचं शीर्षक, मोठ्या लिपीत, अक्षरं ऐसपैस सोडलेली. खाली भरपूर मोकळी जागा आणि नाजूक राखाडी मजकूर. इतकं शांत पान मी उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. कामाच्या टेबलावर तर नाहीच नाही.

मग त्यात माझा पहिला लेख घातला. शीर्षक होतं ‘ह्रस्व लिहिताना हमखास होणारी चूक’. डोंगर गेला, कारण तसला फोटो माझ्याकडे नव्हता. शीर्षक एका ओळीत मावेना, तीन ओळींत गेलं. आणि अक्षरं अशी फाकली की शिरोरेघेचे तुकडे तुकडे झाले. दात पडलेल्या कंगव्यासारखं दिसत होतं. ह्रस्वाबद्दल लिहिणाऱ्या बाईच्या शीर्षकाचीच ही अवस्था!

कारण कळायला आठवडा गेला. रोमन लिपीतलं प्रत्येक अक्षर आपापलं उभं असतं. दोन अक्षरांत जागा सोडली तर ते उलट ऐटदार दिसतं, म्हणून थीम बनवणारे शीर्षकात आणि मेनूत ही जागा हौसेनं सोडतात. आपली अक्षरं रेघेला लटकलेली. मध्ये जागा घातली की रेघ तुटते. थीमच्या स्टाइलशीटमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या फाइलीत, ‘लेटर स्पेसिंग’ नावाची एक ओळ असते, ती शून्य केली की रेघ पुन्हा सांधते. एवढंच करायचं होतं. पण नमुन्याचं पान पाहून हे कुणाला कळणार? नमुना इंग्रजीत, त्यातला मजकूर अर्थशून्य लॅटिन, शीर्षकं दोन-तीन शब्दांची. ‘मुद्रितशोधनाबद्दलच्या’ हा एकच शब्द त्या थीमच्या बाजूच्या अरुंद स्तंभातून बाहेर डोकावत होता.

अशा आणखी गोष्टी निघाल्या. थीमच्या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरंच नव्हती. अशा वेळी ब्राउजर मुकाट्यानं त्या त्या यंत्रात असेल तो देवनागरी फॉन्ट उचलतो, म्हणून माझं पान माझ्या लॅपटॉपवर एक, भाच्याच्या फोनवर दुसरंच दिसायचं. अवतरणं तिरपी व्हायची. देवनागरीत तिरप्या अक्षरांची वेगळी घडण बहुतेक फॉन्टांत नसते, त्यामुळे ब्राउजर सरळ अक्षरंच ढकलून वाकडी करतो. आणि ओळींमधलं अंतर! रोमनला जे पुरतं ते आपल्याला पुरत नाही. आपल्याकडे वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार, खाली उकार आणि जोडाक्षरांच्या शेपट्या. वरच्या ओळीतला ‘कू’ खालच्या ओळीतल्या ‘र्वी’च्या डोक्यावर बसलेला मी माझ्याच पानावर पाहिला. आता अक्षराच्या आकाराच्या १.७ पट अंतर ठेवते. नोटो किंवा मुक्ता यांसारखे देवनागरीसाठी नीट घडवलेले फॉन्ट फुकट मिळतात, तेव्हा फॉन्ट नाही ही सबबही उरत नाही.

आता रंगाकडे येते, कारण खरी खोड तिथेच मोडली.

त्या थीममधल्या मजकुराचा राखाडी मला फार आवडला होता. सभ्य वाटला. माझ्या धाकट्या नणंदेनं मात्र पहिला लेख वाचून फोन केला, ‘‘वहिनी, लिहिलंय छान, पण पान अजून पूर्ण उमटलं नाही का?’’ तिला वाटलं, पान उघडताना अर्धवट राहिलंय. मी हसले. मग स्वतः खिडकीजवळ बसून फोनवर उघडून पाहिलं आणि माझंच हसू मावळलं.

या गोष्टीला माप आहे हे मला माहीत नव्हतं. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम ही वेबचे संकेत ठरवणारी संस्था. तिनं २००८ साली सुगम्यतेच्या, म्हणजे अधू नजरेच्या माणसांसकट सगळ्यांना पान वापरता यावं यासाठीच्या, नियमांची जी दुसरी आवृत्ती काढली, तिच्यात अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं गुणोत्तर ठरवून दिलं आहे. पांढऱ्यावर शुद्ध काळं म्हणजे २१ ला १. पांढऱ्यावर पांढरं म्हणजे १ ला १. साध्या मजकुराला निदान ४.५ हवं, मोठ्या शीर्षकाला ३ चालतं, आणि काटेकोर राहायचं तर ७. हा साडेचार आकाशातून पडलेला नाही. साधारण ८० वर्षांच्या माणसाची जी सर्वसाधारण नजर असते ती धरून तो काढला आहे. माझ्या थीमचा राखाडी भरला २.८५.

वेबवर रंग सहा खुणांनी लिहितात, शून्य ते नऊ आणि ए ते एफ. दोन खुणा लाल प्रकाशाच्या, दोन हिरव्याच्या, दोन निळ्याच्या. असे १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ रंग लिहिता येतात. तिन्ही जोड्या सारख्या असल्या की तो राखाडी. माझा होता ९९९९९९. मी एकेक पायरी गडद करत गेले. ७७७७७७ ला गुणोत्तर आलं ४.४८, नापास. ७६७६७६ ला ४.५४, पास. डोळ्यांना या दोहोंत काडीचा फरक दिसत नाही. नियमाला काठ असतोच, तो कुठेतरी असणारच. पण काठावर पास झालेला रंग घेऊन समाधान मानणं ही माझ्या मते लबाडी आहे. सूत्राला फक्त रंग कळतो. अक्षराच्या रेघेची जाडी त्याला कळत नाही. बारीक रेघेच्या फॉन्टात पडदा रेघेच्या कडा पार्श्वभूमीत मिसळतो, आणि कागदोपत्री पास झालेला राखाडी प्रत्यक्षात आणखी फिका दिसतो. पिवळट, चकाकत्या प्रकाशात तर विचारूच नका. शिवाय वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळं पडतं, बाहुली लहान होते, आत कमी प्रकाश पोचतो. पंचविशीतल्या डिझायनरला जो राखाडी ‘सौम्य’ वाटतो तो माझ्या वयाला ‘आहे का?’ असा वाटतो.

आणि हे काही माझ्या एकटीचं दुखणं नाही. वेबएम नावाची संस्था २०१९ पासून दरवर्षी दहा लाख संकेतस्थळांची मुख्यपृष्ठं तपासते. दरवर्षी सगळ्यात जास्त आढळणारी चूक तीच, मजकूर पुरेसा गडद नसणं. साधारण पाचातल्या चार पानांवर ती असते. ज्यांच्या घरात इतकी थीम-दुकानं, इतके डिझायनर, त्यांच्याकडून पाचातल्या चारांची अशी चूक व्हावी याचं मला मुद्रितशोधक म्हणून नवल वाटतं. आमच्याकडे असं पान छापून आलं असतं तर शाई संपली का म्हणून ओरड झाली असती.

मजकुराचा रंग गडद करून मी सुटले नाही. दुसरा सल्ला होता ना, स्वभावाला साजेसा रंग! माझा स्वभाव म्हणजे लाल शाई. तेव्हा सगळे दुवे आणि उपशीर्षकं मी भडक लाल केली. दुव्यांखालची रेघ काढून टाकली, कारण रेघेनं पान गजबजलेलं वाटत होतं. पान काय खुललं म्हणून सांगू! तपासलेल्या प्रुफासारखं.

आमच्या छापखान्यातले एक जुने सहकारी माझे पहिले नियमित वाचक. त्यांनी कळवलं, ‘‘बाई, तुम्ही ‘इथे पाहा’ म्हणता, पण पाहायचं कुठे?’’ मला वाटलं दुवे बिघडले. बिघडले नव्हते. त्यांना ते दिसतच नव्हते. लाल-हिरव्यातला फरक त्यांना कळत नाही, आणि त्यांच्या डोळ्यांना लाल काळपट दिसतो. काळ्या मजकुरात तो बेमालूम मिसळून गेला होता. आम्ही इतकी वर्षं शेजारी बसून काम केलं आणि मला याचा पत्ता नव्हता. रंगीत मुखपृष्ठाचं प्रूफ आलं की ते नेहमी कुणातरी पोराला हाक मारून म्हणायचे, ‘‘तू बघ रे, तुझे डोळे तरुण आहेत.’’ त्याचा अर्थ मला निवृत्तीनंतर, माझ्याच ब्लॉगमुळे लागला.

हा दोष पुरुषांत बराच जास्त आढळतो. त्याची जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात, पुरुषाकडे एक्स एकच, त्यामुळे बिघडलेल्या प्रतीला बदली नाही. फेसबुकचे मार्क झुकरबर्ग यांनीही आपल्याला लाल-हिरवा नीट दिसत नाही, निळा उत्तम दिसतो, असं सांगितलं आहे, आणि त्यांच्या संकेतस्थळाचा निळा त्यातूनच आलेला आहे. दुवा निळा आणि अधोरेखित ही रीत तर १९९३ च्या मोझेक ब्राउजरपासून चालत आली आहे. तीस वर्षांची ही सवय मी पान गजबजतं म्हणून मोडायला निघाले होते.

तसाही माझा लाल मापात बसत नव्हता. शुद्ध लाल पांढऱ्यावर ४.०० भरतो, म्हणजे साध्या मजकुराला नापासच. शुद्ध निळा भरतो ८.५९. हे वाचून मी चकित झाले, कारण मला लाल जास्त ‘जोरदार’ वाटायचा. पण डोळ्यांना उजळपणा जाणवतो तो प्रामुख्यानं हिरव्या प्रकाशातून. त्या सूत्रात हिरव्याचा वाटा सुमारे ७१.५ टक्के, लालचा २१, निळ्याचा जेमतेम ७. म्हणून निळा पांढऱ्यावर गडद उठतो, आणि लाल व हिरव्याच्या मिश्रणातून होणारा पिवळा पांढऱ्यावर जवळजवळ नाहीसा होतो, १.०७. लक्ष वेधणं निराळं आणि वाचता येणं निराळं. आमच्या लाल खुणा काळ्या मजकुरातून उठून दिसायच्या, पण लाल शाईत सलग चार परिच्छेद कुणी वाचले असते का?

म्हणूनच ‘निळा म्हणजे विश्वास, लाल म्हणजे उत्साह, हिरवा म्हणजे शांती’ हा आपल्या लेखातला तक्ता मला पटला नाही. तोच लाल फॉर्मच्या रकान्याभोवती आला की ‘चूक आहे’ म्हणतो, बटणावर आला की ‘खोडून टाकू का?’ विचारतो, आणि माझ्या सहकाऱ्यांना तर काहीच म्हणत नाही.

रंग एकटा नसतोच. याचाही मला एक फटका बसला. लाल उपशीर्षकाच्या शेजारी मी टिपांसाठी एक फिका राखाडी चौकोन ठेवला होता. तो मला हिरवट दिसायचा. मी भाच्यावर चिडले की न विचारता हिरवा घातलास. त्यानं शांतपणे क्रमांक दाखवला. तिन्ही जोड्या सारख्या, म्हणजे निव्वळ राखाडी. लाल शीर्षक हातानं झाकलं की हिरवटपणा गायब, हात काढला की परत हजर. दोनदा केलं, तिसऱ्यांदा भाचा म्हणाला, ‘‘मावशी, बास आता.’’

हे कोडं एकोणिसाव्या शतकातच सुटलेलं आहे. पॅरिसच्या गोब्लां कारखान्यात भिंतीवर लावायची विणलेली चित्रं तयार होत. १८२४ पासून तिथल्या रंगशाळेची जबाबदारी मिशेल यूजीन शेव्हरल या रसायनशास्त्रज्ञाकडे होती. तक्रार आली की निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या छायेत वापरलेला काळा धागा फिका पडतो. शेव्हरल यांनी काळा रंग तपासला, त्यात खोट निघाली नाही. खोट शेजाऱ्याची होती. प्रत्येक रंग शेजारच्या रंगावर आपल्या विरुद्ध रंगाची झाक टाकतो, हा नियम त्यांनी १८३९ साली सविस्तर मांडला. तेव्हा थीमच्या रंगपट्टीत एकेक चौकोन सुटा पाहून निवड करणं व्यर्थ आहे. रंग एकमेकांशेजारी, खऱ्या पानावर, खऱ्या मजकुरासह पाहावे लागतात.

माझं पान आता असं आहे. पार्श्वभूमी किंचित सायीसारखी, मजकूर जवळपास काळा, दोहोंतलं गुणोत्तर १५ च्या आसपास. दुवे गर्द निळे, रेघ परत आणली. लाल शाईचा मोह पूर्ण सुटला नाही. तो गडद करून फक्त पानाच्या माथ्यावरच्या नावाला ठेवला आहे, जिथे तो नाही दिसला तरी कुणाचं अडत नाही. नवीन काही ठरवलं की फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन पडदा कृष्णधवल करते आणि पान पुन्हा पाहते. रंग काढून घेतल्यावरही शीर्षक, मजकूर, दुवा आपापल्या जागी ओळखू आले तर पुढे जाते. यापेक्षा सोपी कसोटी मला सापडलेली नाही, आणि तिला सूत्र लागत नाही.

गडद पानाबद्दलही थोडं. २०१९ मध्ये अँड्रॉइड १० आणि आयओएस १३ आल्यापासून फोनभर काळ्या पडद्याची सोय झाली आणि पुष्कळ थीमही ती देतात. द्यावी, पण वाचकाच्या हातात. मला दृष्टिवैषम्य आहे, काळ्यावरची पांढरी अक्षरं मला पसरलेली, कडेनं पाझरल्यासारखी दिसतात. माझ्या भाच्याला रात्री त्याशिवाय वाचवत नाही. दोघांनीही आपापलं बरोबरच म्हणावं.

राहिला तिसरा सल्ला, कंटाळा आला की बदला. मी चार महिन्यांत तीन थीम बदलल्या. प्रत्येक वेळी क्लिक एकच होतं, हे खरं. पण त्या एका क्लिकनंतर मेनू जागचा हलला, बाजूचे चौकोन विखुरले, फोटोंची कापणी निराळ्या मापानं झाली. एका थीमनं दिलेली खास अवतरणं मी हौसेनं वापरली होती. ती थीम काढल्यावर त्या जागी चौकटी कंसातले आज्ञाशब्द उघडे पडले, आणि माझे वाचक ते मजकूर समजून वाचत राहिले. एकानं तर मला विचारलं, हा कुठला शब्द, कोशात मिळत नाही.

सगळ्यात मोठी चूक मात्र माझी. लेटर स्पेसिंग, ओळीचं अंतर, रंग, सगळे बदल मी थीमच्या मूळ फाइलीतच केले होते. एका सकाळी थीमची नवी आवृत्ती आली, मी ‘अपडेट’ दाबलं, आणि अकरा दिवसांचं काम पुसलं गेलं. शिरोरेघ पुन्हा तुटली. मूळ प्रतीवर खाडाखोड करू नये हे मी नवशिक्यांना २८ वर्षं शिकवत आले होते! यासाठी चाइल्ड थीम असते. मूळ थीमला हात न लावता आपले बदल वेगळ्या पुडक्यात ठेवायचे, म्हणजे मूळ कितीही वेळा नव्यानं आलं तरी आपलं शाबूत. भाचा म्हणाला की हे त्यानं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. सांगितलं असेल. मी तेव्हा डोंगर पाहत होते.

आता माझ्याकडे कोणी थीम निवडायला मदत मागतं तेव्हा मी नमुन्याचं पान उघडूच देत नाही. तुमचा सगळ्यात लांब लेख आणा म्हणते, सगळ्यात लांब शीर्षकाचा, ज्यात जोडाक्षरं आहेत, एक अवतरण आहे, दोन-तीन दुवे आहेत आणि एक फोनवर काढलेला, धड न आलेला फोटो आहे. तो नव्या थीममध्ये घालायचा आणि फोनवर, उजेडात, घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाच्या हातात द्यायचा. गेल्या पंधरवड्यात एका मैत्रिणीच्या पाच आवडत्या थीमपैकी चार अशा पहिल्या पाच मिनिटांत बाद झाल्या. पाचवी तिला सुरुवातीला सगळ्यात कमी आवडलेली होती. तीच तिनं घेतली.

आपल्या पुरवणीच्या लेखकाला माझा राग नाही, हे कृपया त्यांना कळवावं. पुढचा लेख ते लिहितील तेव्हा नमुन्याची चित्रं मराठी मजकुराची द्यावीत, एवढं झालं तरी खूप.

कळावे,
आपली,
एक निवृत्त मुद्रितशोधक

ता. क. हे पत्र आपल्या संकेतस्थळावर घेणार असाल तर एक विनंती. तिथल्या वाचकांच्या पत्रांच्या स्तंभाचा राखाडी मी मोजून पाहिला. ८८८८८८ आहे, पांढऱ्यावर ३.५४ भरतो.